नावाचा शेवट कोठून सुरू होतो?

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. सोयाबीन-तुरीचा मुलूख. विदर्भात किन्ही नावाची गावे एकापेक्षा अधिक आहेत, त्यामुळे नुसते 'किन्ही' म्हटले तर ऐकणारा विचारतो, कोणती किन्ही? 'राजा' हा शेवटचा तुकडा जोडला की मग गाव नक्की होते. सासरी गेलेली लेक पत्त्यात एवढे दोन अक्षरी शेपूट लिहायला विसरली तर पत्र भलतीकडे जाऊ शकते. माणसाला हे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र सांगावे लागते, आणि ते कसे सांगायचे हाच या वेळच्या सदराचा विषय आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, विषय जरा तांत्रिक आहे म्हणून पान उलटू नका. आपल्या घरातील दहावी-बारावी झालेली मुलेमुली आज संगणकाचे वर्ग करतात, आयटीआयला जातात, पॉलिटेक्निकला जातात. काहींना 'जावास्क्रिप्ट' नावाची भाषा शिकवली जाते. ब्राउझरमध्ये जे अर्ज आपण भरतो, शिष्यवृत्तीचे, दाखल्याचे, भरतीचे, त्यांच्या पडद्यावरील बरेचसे काम ही भाषा करते. १९९५ साली ब्रेंडन आइक नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने नेटस्केप कंपनीत असताना अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. तीस वर्षे उलटली, आज जगभर तीच चालते. या भाषेतील एक लहानसे काम असे की, एखाद्या मजकुराचा शेवटचा भाग वेगळा काढायचा. पूर्ण नावातून आडनाव, पत्त्यातून जिल्हा, पिन कोडमधून शेवटचे तीन आकडे. काम लहान आहे, पण ते चुकले तर कोणाचे काय अडते तेही पुढे येईल.

मजकुराला या भाषेत 'स्ट्रिंग' म्हणतात. आपण तिला माळ म्हणू. दोऱ्यात मणी ओवावेत तशी अक्षरे एकापुढे एक ओवलेली. शेवटून किती मणी हवेत ते सांगितले की संगणक तेवढे कापून देतो. त्यासाठी 'स्लाइस' हा शब्द आहे आणि कंसात वजा चिन्ह लावून संख्या द्यायची. वजा म्हणजे शेवटाकडून मोजा. म्हणजे 'किन्हीराजा' या माळेला स्लाइस(-४) लावले की उत्तर येते 'राजा'.

येथे एखादा चाणाक्ष मुलगा थांबेल. 'राजा' तर दोन अक्षरी शब्द आहे, मग चार कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि वर्गात पुष्कळदा याचे उत्तर मिळत नाही, कारण पुस्तकातील सारी उदाहरणे इंग्रजी शब्दांची असतात.

आपण जिला एक अक्षर म्हणतो ते संगणकाच्या माळेत एकच मणी असेल असे नाही. 'रा' म्हणजे 'र' हा एक मणी आणि काना हा दुसरा. 'जा' म्हणजे 'ज' आणि काना. झाले चार. 'कि' मध्ये दोन मणी. 'न्ही' मध्ये तर चार: न, मग पाय मोडण्याची खूण, मग ह, मग दीर्घ वेलांटी. पूर्ण 'किन्हीराजा' उच्चारताना चार अक्षरे, पण संगणक मोजतो दहा. लांबी विचारायचा शब्द 'लेंग्थ'; त्याचे उत्तर १० येते.

आता स्लाइस(-१) लावून पाहा. हाती येतो नुसता काना. त्याला टेकायला अक्षर नाही म्हणून पडद्यावर तो ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून दिसतो. (-२) लावले की 'जा'. (-३) लावले की आधी लोंबणारा काना आणि मग 'जा'. (-५) ला वेलांटी लोंबते. सर्वांत फसवे (-६): उत्तर येते 'हीराजा'. शब्द दिसायला धड आहे, कोठे काही तुटल्यासारखे वाटत नाही, आणि तरीही जोडाक्षर मधोमध कापले गेले आहे. लोंबणारा काना डोळ्यांना खटकतो म्हणून दुरुस्त होतो. 'हीराजा' छापून जातो.

ऱ्हस्व वेलांटीची गंमत याहून निराळी. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, क नंतर. जुन्या टंकयंत्रावर आणि पुढे डीटीपीच्या काळातील फाँटांवरही बहुधा ती आधीच टाइप करावी लागे. साप्ताहिकांच्या कचेरीत ज्यांनी अक्षरजुळणी केली त्यांच्या बोटांत ती सवय अजून असेल. युनिकोडमध्ये मात्र क आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. ही पद्धत आपल्याच देशातून तिकडे गेली. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची मानक सांकेतिक पद्धत आपल्याकडे तयार झाली होती. तिच्या १९८८ सालच्या आराखड्यावर युनिकोडने देवनागरीची मांडणी आधारली आणि १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तेव्हा 'मराठीचे मणी असे का ओवले?' असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर परदेशात शोधायचे कारण नाही.

करून पाहण्यास खर्च नाही. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडावे, एफ-१२ ची कळ दाबावी, 'कन्सोल' नावाची खिडकी निवडावी. मोबाईलवर ही खिडकी सहजासहजी उघडत नाही, म्हणून शाळेतील किंवा वर्गातील संगणकावर दहा मिनिटे मागून घ्यावीत. येथे आम्ही शब्दांचा उच्चार आणि मराठी आकडे दिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना स्लाइस, लेंग्थ वगैरे शब्द रोमन लिपीत आणि आकडेही इंग्रजी पद्धतीचे लागतात. 'नाव' हे माळेला दिलेले नाव मात्र खुशाल देवनागरीत ठेवावे, जावास्क्रिप्टला ते चालते. हे अनेक शिक्षकांनाही नवे वाटते.

मोजणीचा घोळ टाळण्यासाठी अलीकडे या भाषेत 'सेगमेंटर' नावाचे साधन आले आहे. ते माळेचे तुकडे वाचणाऱ्याच्या नजरेने करते. क्रोममध्ये ते २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२४ साली आले. देवनागरीचे जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्या नियमाने चालणारा ब्राउझर असेल तर 'किन्हीराजा'चे तुकडे पडतात ते असे: कि, न्ही, रा, जा. आपण पाटीवर जसे पाडू तसेच. शेवटची दोन घ्यावीत, 'राजा'. शेवटून अक्षरे मोजूनच कापायची असतील तर मराठीसाठी हेच साधन वापरावे असे आमचे मत आहे. स्लाइस वाईट नाही, पण ते मणी मोजते, अक्षरे मोजत नाही.

मात्र बहुतेक वेळा आपल्याला किती अक्षरे कापायची ते ठाऊकच नसते. आडनाव कोणाचे दोन अक्षरी, कोणाचे सहा अक्षरी. म्हणून दुसरी रीत: मधली मोकळी जागा शोधायची आणि तिच्या पुढचे सारे घ्यायचे. गावाच्या नावावरच पाहा. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे नाव मध्ये जागा सोडून लिहितात. शेवटच्या मोकळ्या जागेपासून पुढे कापले की 'राजा' मिळते. पण 'किन्हीराजा' सलग लिहिले तर मोकळी जागा सापडतच नाही आणि पूर्ण नावच शेवटचा तुकडा म्हणून हाती येते. तेच कोणी 'किन्ही राजा' असे तोडून लिहिले तर पुन्हा 'राजा'. गाव एक, लिहिणारे दोन, उत्तरे दोन. संगणकाने चूक केली असे येथे म्हणता येत नाही. त्याला जागा शोधायला सांगितली, त्याने शोधली.

आता आडनावाकडे येऊ, कारण घरोघरी प्रश्न तोच आहे.

सातारच्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकासमोर एका विद्यार्थ्याचे नाव लिहिले गेले: भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस ठरवला तो त्यामुळेच. त्या नोंदीत तीन भाग आहेत, मध्ये दोन मोकळ्या जागा आहेत, आणि शेवटचा भाग आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. हेच नाव 'भीमराव रामजी आंबेडकर' असे घेऊन संगणक काय करतो ते पाहू. शेवटची मोकळी जागा कोठे आहे ते विचारण्यासाठी 'लास्ट इंडेक्स ऑफ' असा शब्द आहे. तो सलग लिहायचा, 'इंडेक्स'चा आय आणि 'ऑफ'चा ओ तेवढे मोठ्या लिपीत. संगणक मोजणी शून्यापासून करतो. 'भीमराव'चे सहा मणी, शून्य ते पाच. सहाव्या जागी पहिली मोकळी जागा. 'रामजी'चे पाच मणी, सात ते अकरा. बाराव्या जागी दुसरी मोकळी जागा, आणि तीच शेवटची. उत्तर १२. त्यात एक मिळवायचा, नाही तर मोकळी जागाही सोबत कापली जाते. तेराव्या जागेपासून शेवटपर्यंत स्लाइस केले की 'आंबेडकर'.

आता हेच नाव ग्रंथालयाच्या यादीत कसे असते? 'आंबेडकर, भीमराव रामजी'. आडनाव पुढे, मग स्वल्पविराम. पुस्तकांच्या जगात ही जुनी रूढी आहे आणि स्वल्पविराम पाहून जाणता माणूस ओळखतो की नाव उलटे मांडले आहे. आपल्या राज्याच्या माध्यमिक शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवरही पूर्ण नाव आडनाव आधी या क्रमाने येते. तेथे स्वल्पविराम नसतो. म्हणजे गुणपत्रिकेवरून जसेच्या तसे उतरवले तर 'आंबेडकर भीमराव रामजी', आणि वरची सगळी कृती अचूक केली तरी शेवटचा भाग निघतो 'रामजी'. वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसते.

असे होते, आणि घरोघरी होते. अर्ज भरताना मुलगी दहावीच्या गुणपत्रिकेत पाहून नाव लिहिते, आधार कार्डावर नाव उलट क्रमाने असते, बँकेच्या पासबुकात आणखी तिसऱ्या तऱ्हेने. कार्यक्रम लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते की शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. दोन कागदांवरील आडनावे जुळत नाहीत, अर्ज 'नावात तफावत' असा शेरा घेऊन परत येतो. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा व्हायची असते, ती थांबते. मग आई मजुरी बुडवून सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहते. प्रतिज्ञापत्र करा, हा कागद आणा, तो कागद आणा. मुलीचे नाव पहिल्यापासून बरोबरच होते. फक्त ते कोठे कापायचे हे कोणी तरी न विचारता ठरवले होते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की, अर्जात नावाचे तीन वेगळे रकाने असतील तर प्रत्येक रकान्यावरील शब्द वाचून त्या रकान्यात तेच लिहावे, गुणपत्रिकेच्या क्रमावर जाऊ नये. एकच लांब रकाना असेल तर त्याखालची बारीक सूचना वाचावी. आडनाव आधी की नंतर ते तेथे लिहिलेले असते. आणि जी मुले स्वतः असे अर्ज तयार करण्याच्या कामाला उद्या लागतील त्यांनी आडनावासाठी सरळ वेगळा रकाना ठेवावा. कापण्यापेक्षा विचारणे सोपे.

यात २०२४ पासून आणखी एक बदल झाला आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावाची शासकीय कागदपत्रांवरील नोंद बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी करायची. नावात आई आली, फार उशिरा का होईना, याचा आम्हांला आनंद आहे. संगणकाच्या दृष्टीने नावाचे तुकडे तीनाचे चार झाले. ज्याने आपल्या कार्यक्रमात 'तिसरा तुकडा म्हणजे आडनाव' असे लिहून ठेवले आहे त्याची आता पंचाईत होईल. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई. या नव्या रीतीने लिहिले तर भीमराव भीमाबाई रामजी आंबेडकर. तिसरा तुकडा काढला तर 'रामजी'. शेवटचा काढला तर 'आंबेडकर'. तुकडे पाडण्यासाठी 'स्प्लिट' हा शब्द आहे, आणि पडलेल्या तुकड्यांतून शेवटचा उचलण्यासाठी 'ॲट(-१)'. हा 'ॲट' या भाषेत २०२२ च्या मानकात आला. त्याआधी 'पॉप' वापरीत, आजही वापरतात, चालते. तुकडे तीन असोत, चार असोत, शेवटचा तो शेवटचा. पुढून मोजण्यापेक्षा मागून मोजणे बरे, ते अशा ठिकाणी.

आडनावाविषयी आणखी एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकतो. शहरात खोली बघायला गेले की घरमालक विचारतो, नाव काय? पहिले नाव सांगितले की थोडे थांबून म्हणतो, 'नाही, पूर्ण नाव?' त्याला वडिलांच्या नावाशी कर्तव्य नसते. तोही शेवटचा तुकडाच काढत असतो, आणि त्याला त्यासाठी संगणक लागत नाही. जेथे आडनावाची गरज नाही, उदाहरणार्थ वाचनालयाच्या स्पर्धेचा किंवा खेळाच्या शिबिराचा अर्ज, तेथे तो रकाना ठेवायचाच कशाला, हा प्रश्न आपल्या कार्यक्रम लिहिणाऱ्या मुलांनी जरूर विचारावा.

परत कामाकडे. शेवटचा भाग कापताना ज्या ठोकरा लागतात त्यांतल्या दोन-तीन सांगितल्याच पाहिजेत. पहिली, मोबाईलची. मोबाईलवर टाइप करताना वर सुचवलेला शब्द बोटाने निवडला की पुष्कळ कीबोर्ड त्यापुढे आपोआप एक मोकळी जागा सोडतात. डोळ्यांना ती दिसत नाही. आता शेवटची मोकळी जागा आडनावाच्याही पुढे आहे, तिच्यापुढे काहीच नाही. म्हणून आडनाव रिकामे निघते. यावर उपाय 'ट्रिम', जो माळेच्या दोन्ही टोकांची फालतू जागा काढून टाकतो. कापण्याआधी ट्रिम, ही सवयच लावून घ्यावी, भात शिजवण्याआधी तांदूळ निवडतो तशी. दोन शब्दांमध्ये चुकून दोन जागा सुटल्या तरी शेवटचा तुकडा त्यामुळे बिघडत नाही, मधले बिघडतात.

दुसरी ठोकर एकेरी नावाची. कोणी फक्त 'रमा' एवढेच लिहिले तर शेवटची मोकळी जागा सापडत नाही, आणि न सापडल्याचे उत्तर संगणक '-१' असे देतो. त्यात एक मिळवायचा नियम पाळला असेल तर शून्य होते, शून्यापासून कापले की पूर्ण 'रमा' मिळते, काही बिघडत नाही. पण एक मिळवायला विसरलात तर स्लाइस(-१) होते आणि हाती पुन्हा तोच निराधार काना. आजीचे नाव कोण्या जुन्या नोंदीत एकेरीच असते, त्यामुळे ही गोष्ट पुस्तकी समजू नये.

तिसरी, शब्दसाधर्म्याची. 'सबस्ट्रिंग' आणि 'सबस्टर' असे आणखी दोन शब्द या भाषेत आहेत. 'सबस्ट्रिंग'ला वजा चार दिले तर तो वजा संख्येला शून्य धरतो आणि पूर्ण माळ परत देतो, तक्रार न करता. 'सबस्टर'ला वजा कळते, पण तो जुन्या अडगळीत टाकलेला आहे, नव्या कामात वापरू नये. मुलांनी स्लाइसच धरून बसावे. त्यातही एक खोच आहे: संख्या हिशेबातून येत असेल आणि ती शून्य आली तर 'शेवटची शून्य अक्षरे' न मिळता पूर्ण माळ मिळते.

पत्त्याचे काम आडनावापेक्षा सोपे वाटते, कारण तेथे स्वल्पविराम असतात. 'किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम'. स्वल्पविरामावर तुकडे पाडले, शेवटचा घेतला, ट्रिम केला, 'जिल्हा वाशीम'. हा शेवटचा तुकडा वगळून चालत नाही, कारण मालेगाव म्हटले की राज्यातील बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातील मालेगावच आठवते. पण आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढून पाहा. त्यावर जिल्हा अकोला असेल. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आजोबा आणि नातू एकाच घरात वाढले, कागदावर जिल्हे दोन. शिवाय कोणी 'वाशीम' लिहितो, कोणी 'वाशिम'. शेवटी अमुक शब्द आहे का हे तपासायला 'एंड्स विथ' असा शब्द आहे. तो ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पाळतो, शुद्धलेखनाच्या मास्तरांपेक्षा कडकपणे. 'वाशीम' विचारले आणि पत्त्यात 'वाशिम' असेल तर उत्तर सरळ 'नाही'. अर्ज तपासणारा कार्यक्रम लिहिताना दोन्ही रूपे चालवून घेतली पाहिजेत, त्याशिवाय इलाज नाही.

पिन कोड तर शेवटच्या भागासाठीच जन्मला आहे असे म्हणावे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशात सुरू झाला. तो ज्यांच्या कल्पनेतून आला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, टपाल खात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवीही. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते अनेक लिप्यांत, त्यांतून पत्र नेमके पोचावे म्हणून सहा आकडे. पहिले तीन आकडे पत्रांची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. अकोला शहराचा पिन ४४४००१, वाशीमचा ४४४५०५, अमरावतीचा ४४४६०१. पहिले तीन तिघांचे सारखे. कार्यालय कोणते ते शेवटचे तीन सांगतात, म्हणजे स्लाइस(-३). येथे आकडे मण्यांसारखे एकाला एक असल्याने मोजणीचा घोळ नाही. मात्र निघालेल्या तुकड्याचे संख्येत रूपांतर करू नये. अकोल्याचा तुकडा ००१ आहे. संख्या केली की दोन्ही शून्ये गळतात आणि उरतो नुसता १. आणि कोणी पिन देवनागरी आकड्यांत लिहिला तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानतच नाही, म्हणून असे आकडे आधी बदलून घ्यावे लागतात.

फाइलींचे थोडक्यात सांगतो. दाखला चढवताना 'फक्त पीडीएफ' असे लिहिलेले असते. कार्यक्रम फाइलीच्या नावातील शेवटच्या टिंबापुढचा भाग पाहतो. नावात आधीही टिंबे असू शकतात, म्हणून शेवटचेच टिंब शोधायचे, रीत आडनावाचीच. मोठी लिपी-लहान लिपी एक करून घ्यायची. फोटोच्या फाइलीला हाताने पीडीएफचे शेपूट लावले म्हणून ती पीडीएफ होत नाही. काही अर्ज ती स्वीकारतात आणि पुढे तपासणीत उघडत नाही. तेव्हा केंद्रावरून परत येण्याआधी चढवलेली फाइल उघडून पाहण्याचा आग्रह धरावा.

मुलामुलींना आता घरचा अभ्यास. आपल्या परिसरातील गावे घ्या आणि स्लाइसला किती दिले तर अर्थपूर्ण शेवट मिळतो ते आधी कागदावर मणी मोजून ठरवा, मग कन्सोलवर पडताळा. मंगरूळपीरमधून 'पीर', मालेगावमधून 'गाव', शिरपूरमधून 'पूर', शेलूबाजारमधून 'बाजार', किन्हीराजामधून पुढचे 'किन्ही' तेवढे ठेवून 'राजा' गाळणे. पहिल्या तिघांना सारखीच संख्या लागते. बाजाराला पाच. शेवटच्या प्रश्नासाठी स्लाइसला दोन संख्या द्याव्या लागतात, आधी शून्य आणि मग वजा चार.